मदत हवी आहे : जुन्या लाकडी होड्या जपणारं मंडळ

नमस्कार मंडळी. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात आमच्या मामांची सागवानी होडी किनाऱ्यावर चढवून ठेवली आहे. फायबरची बोट घेतल्यापासून ती पाण्यात उतरलेली नाही. फोडून लाकूड विकायला घरात कुणाचंच मन होत नाही, माझं तर मुळीच नाही.

पाण्याबाहेर राहून फळ्या आकसल्या आहेत. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, सांध्यांत नख सहज जाईल एवढी फट पडली आहे, पाणी आत येऊ नये म्हणून आत ठासलेला कापूस कुजून निघतोय आणि लोखंडी खिळ्यांभोवतीचं लाकूड काळं पडलंय. कणा, म्हणजे तळाचं मुख्य लांब लाकूड, मात्र ठोकून पाहिला, आवाज खणखणीत येतो. मामांचं म्हणणं, आधी ओल्या गोणपाटांनी लाकूड फुगू द्यावं, मगच कापूस ठोकावा. मलाही ते पटतं. कोरड्या लाकडात घट्ट भरला तर पुढे फुगताना फळ्या एकमेकींना रेटतात. हे काम स्वतः केलेले मिस्त्री ठाणे, उरण किंवा अलिबागकडे कुणाच्या ओळखीत आहेत का?

दुसरं, अमेरिकेत जुन्या बोटी जपणारी आणि हौसेने पाण्यात उतरवणारी संस्था १९७५ पासून आहे. तसं मंडळ आपल्या ठाणे खाडीसाठी काढायचं मनात आहे, ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यापासून आमच्या दिवाळ्यापर्यंत. नोंदणी संस्था म्हणून करावी की न्यास म्हणून? मासेमारीत नसलेल्या होडीला महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे वेगळी नोंद लागते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. पावसाळ्याआधी होडीवर छप्पर घालायचंच आहे, जुनी ताडपत्री कुणाकडे पडून असेल तर तेही कळवा.