लॅक्स्टन पॅरिशमधील सामाईक शेते कशी टिकली?

जिज्ञासू:
इंग्लंडमधील शेते कुंपणांनी वेगळी केलेली असतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या पॅरिशमध्ये (म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या ग्रामविभागात) मात्र मध्ययुगीन पद्धतीची बिनकुंपणाची शेते अजूनही कसली जातात, असे वाचनात आले. तेथील जमिनीची रचना कशी आहे आणि ही पद्धत तेथे का टिकली, हे जाणकारांनी सांगावे.

भूगोलप्रेमी:
जमीन जड चिकणमातीची आहे. साऊथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन विस्तीर्ण शेते असून प्रत्येकात वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे आहेत. परंपरेने एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पडीक, असा क्रम दरवर्षी पुढे सरकत असल्यामुळे कोणालाही आपल्या पट्ट्यात मनाला येईल ते पेरता येत नसे. प्रत्येकाची जमीन अशी विखुरलेली, म्हणूनच शेतकऱ्यांची घरे शेतात नसून गावातील रस्त्यालगत आहेत. मार्क पिअर्स यांनी 1635 साली केलेल्या नकाशात एकेक पट्टा दाखवलेला आहे. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

जुना दफ्तरदार:
खरे वैशिष्ट्य 'कोर्ट लीट' या ग्रामन्यायालयाचे आहे. हिवाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्यांमधून नेमलेले पंच गव्हाच्या शेताची पाहणी करतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कोणी बांध कोरला असेल किंवा 'साइक' म्हणजे सामाईक गवती पट्ट्यात नांगर घातला असेल, तर त्याला दंड ठरवतात. कुरबुरी आपल्याकडच्याच, फरक इतकाच, की त्या तेथे गावातच मिटतात.

1604 ते 1914 या काळात संसदेने सामाईक जमिनी कुंपण घालून खासगी करण्याचे 5,200 हून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमीन बंदिस्त केली. लॅक्स्टनमध्येही काही जमीन बंदिस्त झाली, पण हे काम पुरे झाले नाही. पुढे 1952 मध्ये तेथील जमीनदार अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून कृषी मंत्रालयाने ही जमीन घेतली नसती, तर उरलेली शेते टिकली असती असे मला वाटत नाही. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेली आणि 2020 मध्ये थोरस्बी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या इस्टेटीकडे.

भूगोलप्रेमी:
एक पुरवणी. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक पट्टे एकत्र करून मोठे करण्यात आले, त्यामुळे आजच्या मांडणीला जशीच्या तशी मध्ययुगीन म्हणता येणार नाही. 1635 चा नकाशा शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक लगेच लक्षात येतो.