सर्वेक्षण, पाळत की जागल? आणि 'निरंक'चं काय?

कोरांटी: आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणपुस्तिकांत 'सर्व्हे'लाही सर्वेक्षण आणि 'सर्व्हेलन्स'लाही सर्वेक्षणच. 'कंटेनर सर्वेक्षण' (घरोघरी पाण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या शोधणं) हे पहिलं, 'रोग सर्वेक्षण' हे दुसरं. दोन्ही एकाच धड्यात आले की शिकणाऱ्याने फरक कसा ओळखायचा? दुसऱ्यासाठी चांगला मराठी शब्द आहे का?

तात्या_साताऱ्याचे: सर्व + ईक्षण, म्हणजे सगळं पाहणं. सर्व्हेला चपखल, उच्चारही जवळचा. सर्व्हेलन्सचं मूळ मात्र फ्रेंच, 'वर' आणि 'जागं राहणं' यांतून आलेलं. 'पाळत' अर्थाने नेमका, पण त्याला पोलिसी वास. क्षयरुग्णाच्या दारात जाऊन 'पाळत ठेवायला आलोय' म्हटलं तर दार बंदच व्हायचं. 'निगराणी' बरा, पण आपल्याकडे तो गुरांच्या आणि मालमत्तेच्या राखणीला जास्त.

अळीशोधक: शब्द राहू द्या, आधी कामातला फरक पाहू. समजा ५० घरं तपासली, त्यांत पाण्याची २०० भांडी. ६ घरांत मिळून ९ भांड्यांत एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या. गृह निर्देशांक ६ भागिले ५० गुणिले १००, म्हणजे १२. भांडी निर्देशांक ९ भागिले २००, म्हणजे साडेचार टक्के. ब्रेटो निर्देशांक म्हणजे दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी, इथे १८. हा सर्व्हे. त्या दिवसाचा फोटो.

उन्हाळी-पावसाळी तापमानात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, आठवड्यातून एकदा. त्याच वस्तीत दर आठवड्याला तीच मोजणी, मागच्या आकड्याशी तुलना आणि आकडा चढला की त्याच आठवड्यात कारवाई, हे झालं सर्व्हेलन्स. नुसतं पुन्हा मोजलं आणि वहीत ठेवलं तर ते नव्हे. (जाता जाता: रांजण नुसता ओतून उपयोग नाही. अंडी आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी कित्येक महिने टिकतात. घासायलाच हवा.)

कोरांटी: म्हणजे 'सततचं सर्वेक्षण' म्हटलं की भागलं?

अळीशोधक: नाही भागत. पोलिओचं उदाहरण घ्या. १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कळवायचं, कारण काहीही वाटो. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, दोहोंत किमान २४ तासांचं अंतर, शीतसाखळीतून, म्हणजे वाटभर थंड ठेवून, प्रयोगशाळेत. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा, तरी हे काम थांबलेलं नाही. इथे दारोदार फिरून 'सर्व ईक्षण' कोणी करत नाही. जागं राहायचं असतं, बस. आणि पोलिओ नसलेल्या लुळेपणाचे रुग्णसुद्धा ठरावीक प्रमाणात सापडायलाच हवेत. ते सापडेनासे झाले तर रोग गेला असं नाही, बघणारे झोपले.

तात्या_साताऱ्याचे: मग शब्द घरातच आहे: जागल. पिकाची रात्रीची राखण. गावगाड्यातला जागल्याही त्यातलाच. शेताला जागल करणारा कणसं मोजत नाही; चाहूल लागली की हाकारे घालतो. चाहूल आणि हाकारा, दोन्ही आले. फ्रेंच धातूशीही जुळतं.

फाईलबंद: शासकीय कागदात 'जागल' येणार नाही, पैज लावा. 'राज्य सर्वेक्षण अधिकारी' हे पदनामच रूढ आहे, २००४ पासूनच्या एकात्मिक रोग कार्यक्रमातही 'सर्वेक्षण'च. पुस्तिकेत रूढ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथे 'रोग सर्वेक्षण, म्हणजे रोगाची जागल' असं फोडून सांगा.

माझ्या मते खरा घोळ पुढच्या शब्दात आहे, निरंक. शब्दशः अंक नसलेला, कोरा. दप्तरी अर्थ मात्र 'शून्य, पाहून लिहिलेलं'. साप्ताहिक अहवालात गोवराच्या रकान्यात निरंक म्हणजे शोधलं, एकही रुग्ण मिळाला नाही. रकाना कोरा म्हणजे शोधलं की नाही तेच माहीत नाही. शिकाऊ माणूस शब्दार्थ धरून रकाना कोराच सोडतो. वरच्या कार्यालयात आकडे भरणारा तिथे ० टाकतो. मग ऐन साथीत गप्प बसलेलं गाव नकाशावर निरोगी दिसतं. शिवाय खोट्या शून्यांनी सरासरी खाली ओढली जाते आणि पुढच्या वर्षी नेहमीचेच आकडे उद्रेकासारखे भासतात.

कोरांटी: मग 'निरंक' काढून '०' लिहायला सांगावं?

फाईलबंद: हो, आकडाच. आडवी रेघही नको, तिचा अर्थ प्रत्येक टेबलावर वेगळा लावतात. अहवालच आला नाही तर 'अप्राप्त', आणि एकूण किती केंद्रांपैकी किती आले ते बेरजेशेजारी.

तात्या_साताऱ्याचे: 'अप्राप्त' बरोबर. 'प्रलंबित' नको, त्यात येईल अशी आशा असते.