ओपिऑइड गोळ्या बंद करताना: एकदाच तोडायचं की उतरत यायचं?

उतरणीवरची

ऑपरेशननंतर किंवा जुनाट दुखण्यासाठी डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामक गोळ्या (ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, मॉर्फिन वगैरे) बंद करायची वेळ आली की चहूबाजूंनी एकच सल्ला येतो: मन घट्ट कर, चार दिवस काढ, सुटशील. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी आणि पायरी किती मोठी, हे घेणाऱ्याच्या शरीराकडे बघून ठरावं.

यात मनाच्या घट्टपणाचा संबंध थोडा आणि शरीराचा फार. मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलिअस नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. नॉरअॅड्रिनलिन, म्हणजे शरीराला सावध ठेवणारं रसायन, तिथून सुटतं. ओपिऑइड त्याला दाबून धरतं, म्हणून तो पुंजका महिनोन्महिने आपला जोर वाढवत राहतो. गोळी अचानक गेली की दाब जातो आणि वाढलेला जोर तेवढा मागे राहतो. मग दरदरून घाम, छातीत धडधड, अंगावर काटा, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या. आतड्यांचंही तसंच, गोळीमुळे मंदावलेली आतडी एकदम धावायला लागतात. जांभयांवर जांभया, गळणारं नाक, पायांतली वळवळ आणि उडालेली झोप या सगळ्याला 'तुझी इच्छाशक्ती कमी पडते' म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की शरीर सरावलेल्या रुग्णाची ही औषधं अचानक बंद करू नका. तीव्र विड्रॉवल (औषध सुटल्यावर उठणारा हाच त्रास), आटोक्याबाहेर गेलेलं दुखणं आणि आत्महत्या, हे तिन्ही प्रकार त्यांच्याकडे नोंदले गेले होते. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश, असा वेग सोसवतो असं म्हटलंय.

माझी स्वतःची गोळी पाठीच्या दुखण्यासाठीची. सध्या निम्म्यावर आले आहे. इतरांचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा, पण 'मन घट्ट कर' सोडून.

एकघाव

असहमत. मी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्या एकदम थांबवल्या. दुसरा-तिसरा दिवस वाईट गेला, त्यात काही खोटं नाही. अंग असं मोडून येत होतं की कूस बदलली तरी चैन नाही. पण आठवडा सरता सरता उतार पडला. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा विड्रॉवल शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि ४ ते १० दिवस चालतो, असं मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शेवट कुठे आहे हे माहीत असलं की माणूस तग धरतो.

तुमच्या पद्धतीत शेवटच दिसत नाही. दर महिन्याला थोडं कमी करा, थोडी तगमग सोसा, जरा स्थिरावलात की पुन्हा कमी करा. शिवाय पाकीट वर्षभर घरात! एखाद्या वाईट रात्री हात तिकडे जाणारच. हळूहळूच्या नावाखाली वर्षानुवर्षं 'कमी करतोय' म्हणणारे मी पाहिले आहेत.

उतरणीवरची

@एकघाव, तुम्ही किती काळ घेत होता ते लिहिलं नाहीत. सगळा वाद त्यावरच तर आहे.

एकघाव

काही आठवडे. महिना-दीड महिना धरा.

रातपाळी

मी परिचारिका आहे, वॉर्डात हे रोज बघते. वरचे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाने दुसऱ्याला आपलं माप लावू नये. काही दिवसच घेतलेली गोळी बहुधा सहज सुटते. काही आठवडे ते महिने घेतली असेल तर आठवड्याला मूळ डोसच्या १० टक्के असा वेग ठेवतात. वर्ष उलटलं असेल तर महिन्याचा हिशेब. मेथाडोनसारखं लांब पल्ल्याचं औषध असेल तर त्रास उशिरा, १२ ते ४८ तासांनी, सुरू होतो आणि १० ते २० दिवस रेंगाळतो. म्हणजे 'आठवड्यात सुटलो' हे वाक्य त्या माणसाला लागूच नाही.

आता त्या चार दिवसांत काय करतात ते. जुलाब-उलट्यांनी पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढणं पहिलं. घाम, धडधड, कापरं यासाठी डॉक्टर क्लोनिडीन देतात, पण त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायचं औषध नव्हे. त्याच जातकुळीतलं लोफेक्सिडीन २०१८ मध्ये एफडीएने मंजूर केलं. खास ओपिऑइड विड्रॉवलसाठी मंजूर झालेलं, स्वतः ओपिऑइड नसलेलं ते तिथलं पहिलं औषध. जुलाबांसाठी लोपेरामाइड चालतं, पण नेमून दिलेल्या मात्रेतच. विड्रॉवल मारण्यासाठी लोक त्याच्या मूठभर गोळ्या घेतात, त्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झाले आहेत आणि एफडीएने २०१६ मध्ये तसा इशाराही दिला आहे. झोपेसाठी परस्पर बेन्झोडायझेपिन (झोपेच्या-शांततेच्या गोळ्या) किंवा दारू घेणं तर सरळ जिवाशी खेळ, कारण ओपिऑइड अजून अंगात असतानाच ती घेतली जाते आणि श्वास मंदावतो.

गर्भवतीने मनाने बंद करायचं नाही, अजिबात. हृदयविकार किंवा पूर्वीचं नैराश्य असेल तर घरी एकट्याने हा प्रयोग नको. जीव नकोसा वाटायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मदत गाठायची.

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट अशी की माणूस दगावतो तो बहुतेकदा विड्रॉवलने नाही, त्यानंतर. आठवडाभर बंद ठेवून एका रात्री न राहवून तो जुनाच डोस घेतो. शरीराची सोसण्याची ताकद तोवर घटलेली असते. काल पचलेला डोस आज श्वास थांबवू शकतो. घरात नॅलोक्सोन (ओपिऑइडचा अंमल उतरवणारं औषध) ठेवा आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवा, कारण ज्याला लागणार तो तेव्हा शुद्धीवर नसतो. @एकघाव, पाकीट घरात असण्याची तुमची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून पाकीट दुसऱ्याच्या ताब्यात ठेवतात, किंवा आठवड्यापुरत्याच गोळ्या आणतात.

तिसरी बाजू

अहो, पण बंद करायचंच कशाला, हा प्रश्न कुणी विचारणार आहे की नाही?

माझ्या आईचं मज्जातंतूंचं दुखणं. एका ठरलेल्या डोसवर ती स्वतःची कामं स्वतः करत होती, डोस वर्षानुवर्षं वाढला नव्हता. डॉक्टर बदलले आणि नव्या डॉक्टरांनी 'आकडा जास्त आहे' म्हणून कात्री लावली. ती आता अंथरुणाला खिळून आहे. सीडीसीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेचा अनेक ठिकाणी असाच अर्थ लावला गेला. शेवटी ती लिहिणाऱ्यांनाच २०१९ मध्ये लिहावं लागलं की आम्ही असं सक्तीने कमी करायला सांगितलं नव्हतं. २०२१ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दीर्घकाळ मोठा डोस घेणारे १ लाख १३ हजारांवर रुग्ण होते. ज्यांचा डोस कमी केला गेला, त्यांच्यात ओव्हरडोस आणि मानसिक संकटाच्या घटना इतरांपेक्षा जास्त आढळल्या.

तुम्ही सगळे जिना कसा उतरायचा यावर भांडताय. वरच्या मजल्यावर ज्याचं नीट चाललंय, त्याला ढकलू नका एवढंच माझं म्हणणं.

एकघाव

त्या अभ्यासात संबंध दिसला, कारण सिद्ध झालेलं नाही. ज्यांचं आधीच बिनसलं होतं त्यांचाच डोस डॉक्टरांनी कमी केला असेल, हीही शक्यता आहेच की. आणि दुसरी बाजूही मांडा. २०१८ साली त्याच 'जामा'त पाठ, गुडघा आणि खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांची चाचणी आली होती. वर्षभर निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना साध्या वेदनाशामकांपासून सुरू होणारे उपचार. हालचालीत काही फरक नाही, आणि दुखण्याची तीव्रता उलट ओपिऑइडवाल्यांचीच किंचित जास्त. मग हा सगळा खटाटोप कशासाठी चालवायचा?

तिसरी बाजू

त्या चाचणीत आधीपासून दीर्घकाळ ओपिऑइडवर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. नव्याने सुरू करावं का, याचं उत्तर ती देते. सुरू असलेलं काढून घ्यावं का, याचं नाही.

उतरणीवरची

@तिसरी बाजू, हा मुद्दा पटला. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं त्याला उतरवणं म्हणायचंच नाही, तो हुकूम होता. पण एक सांगते, रागावू नका. दोन डोसांच्या मध्ये उसळणारं दुखणं दर वेळी मूळ दुखणंच असतं असं नाही. गोळीचा अंमल ओसरला की छोटा विड्रॉवल येतो आणि तो नेमका जुन्या दुखण्याच्या जागी जाऊन बसतो. शिवाय दीर्घकाळ ओपिऑइडने काहींच्या नसा जास्तच हुळहुळ्या होतात. मला वाटायचं गोळीशिवाय पाठ मोडेल. निम्म्यावर आल्यावर पाठ आहे तिथेच आहे, दुपारचा तो ठणका मात्र गेला. सगळ्यांचं असंच होईल असा दावा नाही.

आता पायऱ्यांबद्दल, कारण इथेच लोक अडकतात आणि दोष स्वतःला देतात. समजा रोजचा डोस १०० आहे आणि दर वेळी १० कमी करायचे. १०० वरून ९० म्हणजे दहावा हिस्सा गेला. २० वरून १० म्हणजे निम्मा गेला. १० वरून शून्य म्हणजे सगळाच! कागदावर पायऱ्या सारख्या, शरीराला मात्र शेवटच्या पायऱ्या सगळ्यात उंच. म्हणून खाली आल्यावर उरलेल्या डोसच्या १० टक्के असा हिशेब धरतात, किंवा दोन डोसांमधलं अंतर वाढवतात. मध्येच थांबावं लागलं तर त्याच पायरीवर थांबायचं, होता होईल तो पुन्हा वर चढायचं नाही. हे डॉक्टरांशी बोलून करायचं आहे. लांब पल्ल्याच्या गोळ्या मोडून तुकडे तर करूच नयेत, सगळं औषध एकदम सुटतं.

नवखा

मला ट्रामाडॉल आहे. ते सौम्य असतं, त्याला विड्रॉवल नसतो असं ऐकलं. मग दोन दिवस गोळी चुकली तर डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं का होतं?

रातपाळी

@नवखा, ट्रामाडॉल ओपिऑइड तर आहेच, शिवाय ते मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या रसायनांवरही काम करतं, काही नैराश्यविरोधी गोळ्यांसारखं. त्यामुळे बंद करताना दुहेरी त्रास होऊ शकतो. नेहमीच्या घाम-जुलाबांबरोबर काहींना झटके बसल्याची जाणीव, मुंग्या, एकाएकी दाटून येणारी भीती, क्वचित भासही. सौम्य म्हणून मनाने बंद करू नका, दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

निर्भेळ

एवढी चर्चा झाली, पण या गोळ्यांच्या जागी देतात त्या बुप्रेनॉर्फिनचं नाव कुणी काढलं नाही, बरं झालं. एक सोडून दुसरं धरायचं, याला सोडणं म्हणत नाहीत. माझा धाकटा भाऊ त्यावर गेला तो अजून त्यावरच आहे.

रातपाळी

मी मुद्दामच काढलं नव्हतं, कारण प्रत्येकाला ते लागत नाही. पण ज्याला लागतं त्याला या वाक्याने फार त्रास होतो. बुप्रेनॉर्फिन पेशीवरच्या त्याच रिसेप्टरला (ओपिऑइड जिथे चिकटतं ती जागा) घट्ट धरतं पण अर्धवटच चालवतं. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. तगमग थांबते, दिवस चालू राहतो. ते सुरू करायची वेळ मात्र डॉक्टरच ठरवतात, आधीचं औषध अंगात भरपूर असताना घेतलं तर ते त्याला हुसकून लावतं आणि एकदम तीव्र विड्रॉवल ओढवतो.

शरीर सरावणं आणि व्यसन या दोन गोष्टी आहेत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही (मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक), डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध घेणाऱ्याचा विड्रॉवल व्यसनाच्या निदानात मोजत नाहीत. तुमचा भाऊ कामाला जातो का? झोपतो का? जुन्या गोळ्यांमागे धावणं थांबलं का?

निर्भेळ

जातो. झोपतो. थांबलं. तरी तो मोकळा झाला असं मी म्हणणार नाही. तेही सोडताना विड्रॉवल आहेच ना?

रातपाळी

आहे. तेही उतरतच सोडावं लागतं.

एकघाव

माझं मत थोडं नेमकं करतो. थोडक्या काळाच्या गोळ्यांना मी अजूनही झटपटच म्हणेन, तेही डॉक्टरांना सांगून. दीर्घकाळवाल्यांच्या हळूहळूला माझा विरोध नाही, तारीखच नसण्याला आहे. थांबायचं तर खुशाल थांबा, पण पुन्हा कधी विचार करणार ते लिहून ठेवा. नाहीतर थांबणं हाच मुक्काम होतो.

उतरणीवरची

लिहून ठेवेन. पण तारीख डॉक्टरांना भेटायची, गोळी संपवायची नव्हे. त्या दिवशी झोप धड लागत नसेल तर मी त्याच पायरीवर राहणार, मग कुणी काही म्हणो.

तिसरी बाजू

आणि माझ्या आईने कुठली तारीख लिहायची? तिला तर कुणी विचारलंच नव्हतं.