अ‍ॅटोर्वाने आईच्या मांड्या दुखतात. रोसुवा की एझेटिमाइब?

आई ६४ वर्षांची, नऊ वर्षांपासून डायबेटिस. आम्ही सिडकोत राहतो. मार्चमध्ये तिचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आलं. डॉक्टरांनी अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, जूनमध्ये ९४. ऑगस्टमध्ये पुन्हा १५८! लॅबवाल्यांशी भांडायला निघालेच होते, तेवढ्यात देव्हाऱ्याच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांमागे तीन अख्ख्या स्ट्रिपा सापडल्या.

"मांड्या भरून येतात गं, जिना चढवत नाही. तुला सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

ओरडलेच.

आता गंमत अशी की दुखणं सुरू झालं त्याच आठवड्यात ती भिशीच्या बायकांबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आली होती. (येताना मिसळ, वर एक्स्ट्रा पापड. हे मला मावशीकडून कळलं.) त्यामुळे दोष गोळीचा की पायऱ्यांचा, देव जाणे. सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड नॉर्मल आहेत, डी जीवनसत्त्व मात्र फक्त ११. त्याच्या पुड्या चालू केल्यात.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: रोसुवास्टॅटिन ५, किंवा स्टॅटिन बंद करून नुसती एझेटिमाइब १०. आईला अर्थातच दुसरा हवाय. पण मी वाचलं त्यानुसार स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणंच कमी करते, एझेटिमाइब आतड्यातून शोषण अडवते, आणि एकटीने एलडीएल साधारण १८-२० टक्केच उतरतं. म्हणजे १५८ चं १३० च्या आसपास. डायबेटिसवाल्या बाईला तेवढं पुरत नाही ना? मामेभाऊ बेम्पेडोइक अ‍ॅसिड ही कोलेस्टेरॉलची आणखी एक गोळी सुचवतोय, कारण ते स्नायूंत कामच करत नाही. पण त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं, म्हणजे सांधे सुजायची भीती, आणि आईचा पायाचा अंगठा आधीच दोनदा सुजलाय, म्हणून ते मी मनातून काढून टाकलं. मावशीचं म्हणणं, केमिकल नको, लसूण खा.

कोणी अ‍ॅटोर्वावरून रोसुवावर गेलंय का? दुखणं थांबलं का?

प्रतिसाद

ताई, माझं इंदिरानगरला मेडिकल आहे. डॉक्टर नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच. रोसुवा पाण्यात विरघळणारी, म्हणून स्नायूंत कमी शिरते असं म्हणतात, पण प्रत्येकाला फरक पडतोच असं नाही. ती शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे ज्यांना सोसत नाही त्यांना काही डॉक्टर एक दिवसाआडही देतात. रोसुवा ५ आणि एझेटिमाइब एकत्र हाही तिसरा पर्याय विचारून घ्या. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतं, एझेटिमाइब जोडली तर त्याहून बरंच जास्त. आणि ‘केमिकल नको’ म्हणणाऱ्या मावशींना सांगा, पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीतच सापडलं होतं.

एक विचारायचं राहिलं. दुखणं सुरू झालं तेव्हा आई कुठलं अँटिबायोटिक घेत होत्या का? क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर अ‍ॅटोर्वाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

धागाकर्ती

दादा, आत्ता फाइल काढली. जूनच्या शेवटी घसा धरला होता, दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दिलंय, पाच दिवस, दोन वेळा. अ‍ॅटोर्वा चालू असल्याचं आईने त्यांना सांगितलंच नव्हतं. "घशाचे डॉक्टर, त्यांना कोलेस्टेरॉलचं काय सांगायचं?"

सोमवारी ही चिठ्ठी घेऊनच आमच्या डॉक्टरांकडे जाते. कदाचित अ‍ॅटोर्वालाच पुन्हा एक संधी मिळेल. तोवर अनुभव सांगत राहा. देव्हाऱ्याचा खण आता रोज मीच आवरते.