ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा जात नाही

प्रश्न: घोडबंदर रोडवर पावसात ट्रॅक्शन कंट्रोलचा (वेग घेताना चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, तो तसाच आहे. एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पेटलाय. गाडी चालवू का?

उत्तर १: लुकलुकला तर चाक घसरतंय, यंत्रणा आपलं काम करतेय. सतत पेटलेला म्हणजे ती बंद आहे. 'ऑफ' बटण चुकून दाबलं गेलं नाही ना?

उत्तर २: बटणाने एबीएसचा दिवा लागत नाही हो. बहुधा व्हील स्पीड सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, बिघडलाय. दोन्ही यंत्रणा त्याच्यावरच चालतात. टोकाला चिखल, लोखंडाचा कीस चिकटतो, नाहीतर खड्ड्यांत वायर तुटते. स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड दाखवतो. एबीएसचे वाचणारा हवा. आधी सेन्सर पुसा, कनेक्टरमधलं पाणी काढा, मगच नवा घ्या.

उत्तर ३: साधा ब्रेक लागेल, पण जोरात दाबल्यास चाकं लॉक होतील. ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी हलवू नका, ब्रेक ऑइल बघा.