'खलनायक' नेमका कुणाला म्हणायचं?

शाईपेन : विल्की कॉलिन्सची 'द वूमन इन व्हाइट' (1860) परवा संपवली. वाचनगटासाठी दोन पानं लिहायची आहेत आणि पहिल्याच वाक्याला अडलोय. 'या कादंबरीचा खलनायक' इतकं लिहिलं, पण पुढे नाव कुणाचं घालू? नायिका लॉराशी पैशासाठी लग्न करणारा कर्जबाजारी सर पर्सिव्हल, की त्याचा इटालियन दोस्त काउंट फॉस्को? 'खलनायक' हा शब्द दोघांनाही सैल होतोय. (रहस्य फुटेल. वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा.)

तळटीप : 'खलनायक' आपल्याकडे सिनेमाने गुळगुळीत केलाय. जुन्या नाट्यशास्त्रातला शब्द 'प्रतिनायक', म्हणजे नायकाचा शत्रू, रामासमोर रावण. फॉस्को त्यात बसत नाही. त्याला नायकाशी वैर करण्यात रसच नाही. पांढरे उंदीर अंगाखांद्यावर खेळवत, गोड बोलत तो लॉराला मेलेली ठरवतो आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसरीच्या नावाने तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबतो. यासाठी 'पाताळयंत्री' हा तयार शब्द आहे. पर्सिव्हल त्यामानाने साधा. आदळआपट करणारा, न वाचता सही कर म्हणून बायकोवर खेकसणारा. त्याला 'दुष्ट' पुरे.

उंबरठा : मला राग या दोघांपेक्षा लॉराच्या काकांचा, फ्रेडरिक फेअरलीचा आला. वकील गिलमोर जीव तोडून सांगतोय की लग्नाच्या करारात ही अट घालू नका : मूल न होता लॉरा वारली तर तिचे 20,000 पौंड थेट नवऱ्याला. तिचा मृत्यू नवऱ्याच्या फायद्याचा ठरवणारा कागद आहे तो! आणि हे काका काय म्हणतात, तर 21 वर्षांची मुलगी 45 वर्षांच्या माणसाआधी कशाला मरेल? डोक्याला ताप नको म्हणून मान्यता देऊन मोकळा. विवाहित बाईची मालमत्ता तिचीच, हा इंग्लंडचा कायदा 1882 चा. त्याआधी तिच्या पैशाला आधार होता तो असल्या करारांचाच. या माणसाला 'खल' म्हणता येत नाही, कारण त्याने काही केलंच नाही. त्याच्यासाठी आपला 'नामानिराळा'.

शाईपेन : 'नामानिराळा' घेतलाच. पण मग लॉराने 'निवड' केली असं लिहू का? लग्न तिच्या वडिलांनी ठरवलेलं. तिने स्वतः पर्सिव्हलला सांगितलं की मन दुसरीकडे आहे, तुम्हीच मोडा. त्याने उलट तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि तारीख धरली.

तळटीप : 'निवड' नको. 'होकार'ही जरा जास्तच. वडिलांनी दिलेला शब्द तिने पाळला, तेव्हा 'शब्दात अडकली' लिहा. पसायदानातली 'खळांची व्यंकटी' आठवली. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ज्ञानेश्वरांनी खळ नाहीसे व्हावेत असं मागितलं नाही, त्यांचा वाकडेपणा सुटावा असं मागितलं. या कादंबरीत मात्र वाकडेपणा कागदातच आहे. आणि पर्सिव्हलचं गुपित तरी काय? आईबापांच्या न झालेल्या लग्नाची चर्चच्या वहीत घुसडलेली नोंद!

उंबरठा : काउंटेस फॉस्को राहिली की. लॉराची सख्खी आत्या. लग्नाआधी बायकांच्या हक्कांवर बोलायची, आता नवऱ्याच्या सिगारेटी वळत बसते. मोलकरणीच्या चहात गुंगीचं औषध घालून तिच्याजवळची पत्रं गुपचूप उघडते, आणि लॉरा मेल्यावर 10,000 पौंड हिलाच मिळायचे.

शाईपेन : हिला 'नवऱ्याच्या मुठीतली' लिहिणार होतो.

उंबरठा : मुठीतली आहेच, पण तेवढ्यावर सुटायची नाही. 'घरभेदी' लिहा.