तातडीने मदत हवी: डुकराची पिल्लं हगवणीने मरतायत

माळरान७१:
कालपासून ४ गेली. अजून ३ माना टाकून पडलीत. गावातले डॉक्टर लग्नाला गेलेत. मेडिकलमधून काय आणू तेवढं सांगा, लवकर.

नुसता_वाचक:
वय किती? हगवण कोणत्या रंगाची? रक्त? मादीचं कितवं वेत?

माळरान७१:
आज तिसरा दिवस. पिवळं पाणी, शेपटीखाली सगळं चिकटलंय. रक्त नाही. यॉर्कशायर जातीची मादी, पहिलं वेत, ११ पिल्लं.

अण्णा_बांधावरचे:
डाळिंबाची साल उकळून पाजा. आमची करडं दोन दिवसांत उड्या मारायला लागली.

कोंबडीवाला:
कोलिस्टिन अँटिबायोटिक द्या, विषय संपला. पोल्ट्रीत आम्ही हेच वापरायचो.

गुरांचा_डॉक्टर:
वापरायचो म्हणालात ते बरं. २०१९ च्या जुलैपासून त्याला बंदी आहे. अण्णा, तीन दिवसांच्या पिल्लाला काढा ओतला तर ठसका लागून फुप्फुसात जाईल.

माळरानदादा, या वयात पिवळी पातळ हगवण म्हणजे बहुधा ई. कोलाय हा जंतू. तो आतड्याला चिकटून विष सोडतो आणि अंगातलं पाणी हगवणीवाटे निघून जातं. पिल्लू सुकून मरतं. आधी ओआरएस घ्या, सिरिंजने थोडं थोडं, गिळेल तेवढंच. बसायची जागा कोरडी आणि ३२-३४ अंश उबदार हवी. अँटिबायोटिक मनाने नको, १९६२ या नंबरवर फोन करा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी येते. रक्त पडलं असतं तर क्लॉस्ट्रिडियम या दुसऱ्या जंतूचा संशय, त्यात फार वेळ मिळत नाही. चीक प्यायलीत ना?

माळरान७१:
प्यायली की. सकाळी सोडली आईकडे.

नुसता_वाचक:
सकाळी? व्याली कधी?

माळरान७१:
रात्री ८ ला. ती चावायला धावत होती म्हणून पिल्लं पाटीत गोणपाटावर ठेवली. सगळेच ठेवतात.

गुरांचा_डॉक्टर:
तिथेच घात झाला. डुकरिणीच्या वारेतून पिल्लांना प्रतिकारशक्ती मिळत नाही, जे मिळतं ते चिकातूनच. पहिल्या ६ तासांत पोटात गेलेला चीक खरा कामाचा. २४ तासांनंतर आतडं ते शोषतच नाही. मादी चावत असेल तर तिला आडवी धरून पाजायचं, रात्रभर उपाशी नाही ठेवायचं. पुढच्या वेळी गाभण असतानाच मादीला लस द्या, म्हणजे चीकही कसदार होईल.

अण्णा_बांधावरचे:
आमच्या आज्याने कधी लस दिली नाही. खंडीभर डुकरं होती.

गुरांचा_डॉक्टर:
मेलेली मोजली होती का त्यांनी?

नवउद्योजक_सातारा:
या धंद्याला अनुदान किती मिळतं? नोकरी सोडायचा विचार चाललाय.

नुसता_वाचक:
इथे पिल्लं मरतायत, तुम्ही वेगळा धागा काढा. आणि नोकरी सोडू नका.

माळरान७१:
१९६२ ची गाडी दुपारी येते म्हणाले. बल्ब लावला तर लाइट गेली, आता गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. अजून एक गेलं. राहिली ६, त्यातली ३ चोखतायत. मेलेलं तपासायला पुण्यातल्या औंधच्या प्रयोगशाळेत न्यायचं तर फ्रीजमध्ये ठेवू का? आई घरात आणू देत नाहीये.

गुरांचा_डॉक्टर:
आईंचं बरोबर आहे. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घाला, पिल्लू पिशवीत बांधून त्यावर ठेवा. गोठवू नका, आणि आजच न्या.